मावशीची फॅमिली पेन्शन अडकलीय, मिलिटरी रेकॉर्डात माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, काय करावं?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी, फौजेतल्या पेन्शनीचं ज्यांना कळतं त्यांनी जरा मार्गदर्शन करा, आमचं तर डोकं चालेनासं झालंय.

माझी मावशी सातारा जिल्ह्यात असते, गाव आणि रेजिमेंट मुद्दाम सांगत नाही. काका १९७० ला भरती झाले, १९९१ ला हवालदार म्हणून पेन्शनवर घरी आले आणि गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर वारले, वय ७३. पेन्शन आधी बँकेतून यायची मग स्पर्शवर (संरक्षण खात्याची ऑनलाईन पेन्शन यंत्रणा) गेली, काका होते तोवर कधी खंड नाही. ते गेल्यावर दिवसकार्य उरकून मृत्यूचा दाखला, आधार, पॅन, पासबुक सगळं घेऊन सीएससी सेंटरवर गेलो, तिथल्या पोराने स्पर्शवर काका गेल्याचं कळवलं, मावशीचा क्लेम भरला, आणि मग उत्तर काय तर सर्व्हिस रेकॉर्डशी नाव जुळत नाही, रेकॉर्ड ऑफिसकडून (फौजेतलं नोंदी ठेवणारं ऑफिस) दुरुस्ती करून आणा.

झालंय असं की मावशीचं माहेरचं नाव समजा हिराबाई आणि लग्नात सासरी ठेवलेलं नाव समजा शालन (खरी नावं नाही देत). लग्न १९७४ चं. काका सुट्टी संपवून युनिटला परत गेले तेव्हा लग्नाची नोंद करायला पुरावा म्हणून पत्रिका दिली, आणि पत्रिकेवर नवरीचं नाव माहेरचंच असणार ना. तिथल्या क्लार्कने बघून तेच चढवलं, त्याचीही चूक नाही. पण इकडे त्यानंतर पन्नास वर्षांत जे काय कागद झाले ते सगळे शालन नावाने, रेशनकार्ड, मतदार यादी, सातबारा, बँक, आधार, पॅन. गावात हिराबाई म्हणून हाक मारली तर कोणी वळूनही बघणार नाही. वर जन्मतारखेचा वेगळाच गोंधळ, रेकॉर्डात साल १९५६ आणि आधारवर ०१/०१/१९५८. आधार काढायला आलेल्या माणसाने गावातल्या निम्म्या बायकांचा वाढदिवस एक जानेवारी करून टाकलाय.

काकांची पत्र्याची ट्रंक उघडली तर पार तळाशी धोपटीत डिस्चार्ज बुक सापडलं, शिवण उसवलेली, पानं सुटी. कुटुंबाच्या पानावर जुन्या निळ्या शाईत हिराबाई, पुढे लग्नाची तारीख, खाली तिन्ही मुलांची नावं बरोबर. पण मुलांच्या शाळेच्या दाखल्यांवर आईचं नाव शालन!

बँक म्हणते आमच्या हातात काही नाही, स्पर्शचं बघा. स्पर्शवाले म्हणतात रेकॉर्ड. रेकॉर्डला पत्र टाकलं तर महिन्यांनी इंग्रजीत चिठ्ठी आली की कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. आणि मधे एका ऑफिसात (कुठलं ते जाऊ दे) साहेबाने तिला तोंडावर विचारलं की तुम्ही दुसरी बायको नाही कशावरून? पन्नास वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याच्या पेन्शनीसाठी हे ऐकून घ्यायचं. बाहेर येऊन बाकावर बसली ती बोलेचना, मग म्हणली चल एसटी निघून जाईल.

तर प्रश्न असा की आधारवरचं नाव बदलून हिराबाई करावं का, की राजपत्रात नाव छापून आणावं, की सरळ कोर्टात जावं? आणि एवढ्या दिवसांचे पैसे बुडणार का?

नेटकरी सांगली

भाऊ एवढं टेन्शन घेऊ नका. आधार सेंटरला जायचं, नाव हिराबाई करून घ्यायचं, मग पॅन, मग बँक केवायसी. सगळं रेकॉर्डप्रमाणे झालं की स्पर्श आपोआप घेतंय. आमच्या शेजारच्या काकूंचं असंच झालं, त्यांचं फक्त आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं म्हणा.

निवृत्त सुभेदार

कृष्णाकाठचा, आधी मावशींना हे सांगा की पेन्शन नामंजूर झालेली नाही. ओळख पटायची राहिलीय एवढंच आहे आणि ती पटते. मी क्लार्क ट्रेडचा, नोकरीतला बराच काळ रेकॉर्डमध्ये गेला, असल्या फायली ढिगाने बघितल्यात. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, जिथे जिथे लग्नात नाव बदलायची पद्धत तिथून ही केस येणारच. पंजाबातल्या क्लार्कला समजावून सांगावं लागायचं की आमच्याकडे नवरीचं नाव तांदळात लिहून नवीन ठेवतात, तो म्हणायचा मग जुनी कुठे गेली!

मूळ कुठे आहे ते नीट समजून घ्या म्हणजे हेलपाटे वाचतील. जवानाचं लग्न झालं, मूल झालं की युनिट पार्ट टू ऑर्डर म्हणजे त्या बदलाचा लेखी आदेश काढतं, तो रेकॉर्डला जातो, त्यावरून शीट रोल आणि किंड्रेड रोलला, म्हणजे जवानाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या नोंदवहीत, नोंद होते. पेन्शनला जाताना त्याच नोंदीवरून पीपीओत, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशात, बायकोचं नाव येतं. म्हणजे बँक, स्पर्श, प्रयागराजचं पीसीडीए पेन्शन ऑफिस, हे सगळे त्या एका नोंदीकडे बघून बोलतात. ती बदलायचा अधिकार फक्त रेकॉर्ड ऑफिसला. बँकेत किती का चकरा मारा, मॅनेजर कितीही भला असला तरी त्याला काही करता येत नाही. रेकॉर्ड ऑफिस ज्याचं त्याचं वेगळं असतं, मराठा लाईटचं बेळगावला, महारचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तुमचं कुठलं ते डिस्चार्ज बुकावर असेलच.

आता करायचं काय, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मावशींना घेऊन जा (सातारला आहे), अर्ज एकच, विषय एकच: पत्नीच्या नावाची आणि जन्मतारखेची दुरुस्ती होऊन कॉरिजेंडम (दुरुस्त केलेला) पीपीओ मिळावा आणि फॅमिली पेन्शन मंजूर व्हावी. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स, पीपीओ, मृत्यूचा दाखला, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र. नोटरीचं प्रतिज्ञापत्र बऱ्याचदा परत येतं, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचं मागतात, तुमच्या चिठ्ठीत काय लिहिलंय ते शब्द न शब्द बघून करा. ग्रामपंचायतीचा दाखला, आणि काकांबरोबर नोकरी केलेले कोणी माजी सैनिक हयात असतील तर त्यांचं लेखी, ज्यात ते म्हणतील की ह्याच ह्या बाई. पत्रिका मिळाली तर सोनंच, शोधा.

मुलांची नावं आणि जन्मतारखा रेकॉर्डात बरोबर आहेत हे तुमच्या फार फायद्याचं आहे. तिन्ही मुलांची आई शालन आणि रेकॉर्ड म्हणतं त्याच तीन मुलांची आई हिराबाई, मग दुसरी बायको कुठून आली? हे वाक्य अर्जात घाला.

पैसे बुडत नाहीत. फॅमिली पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते, मंजूर झाली की मागची थकबाकी येते. पण काका गेल्यावर त्यांच्या नावाची पेन्शन खात्यावर एखादा महिना जास्तीची आली असेल तर ती खर्च करू नका, वसुली होते. आणि जॉइंट खातं असेल तर ते बंद करून नवीन उघडायच्या भानगडीत पडू नका, त्यातच घेता येते.

नेटकरी सांगली यांनी सांगितलेला आधार बदलायचा मार्ग मला पटत नाही, पण त्यावर कायद्यातल्या माणसांनी बोलावं.

ॲड. रानजाई

सुभेदार साहेबांशी शंभर टक्के सहमत, आधारला हात लावू नका. एकतर आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदा. दुसरं म्हणजे आज रेकॉर्डसाठी हिराबाई केलंत की उद्या सातबारा, बँक, पॅन, वारसनोंद सगळीकडे शालन अनोळखी ठरणार, एक भोक बुजवायला दहा पाडायची. चूक जिथे आहे तिथेच दुरुस्त करायची, आणि मुळात ही चूकही नाही, १९७४ ला ती नोंद बरोबरच होती.

राजपत्राचं: रेकॉर्डने लेखी मागितलं तर जरूर करा, ऑनलाईन होतं, अवघड नाही. पण न मागता आधीच करू नका असं माझं मत, कारण राजपत्रात जुनं नाव नवं नाव अशी जाहिरात येते आणि त्यावर तारीख आजची असते, मग एखादा शहाणा विचारतो की २०२५ ला नाव बदललं तर १९९० च्या रेशनकार्डावर शालन कशी? उत्तर देता येतं पण प्रश्न कशाला ओढवून घ्यायचा. तुम्हाला पुरावा हवाय तो नाव लग्नातच बदललं ह्याचा. मावशी शाळेत गेल्या होत्या का? माहेरच्या जिल्हा परिषद शाळेत जनरल रजिस्टर असतं, दुसरीतून शाळा सोडली असली तरी नाव, वडलांचं नाव, जन्मतारीख मिळते, त्यातून तुमचा तारखेचा घोळ पण सुटेल. माहेरच्या भावाचं प्रतिज्ञापत्र जोडा, की माझी बहीण हिराबाई हिचं लग्न अमुक तारखेला अमुक हवालदाराशी झालं आणि सासरी नाव शालन ठेवलं.

कोर्टाचं: अजून वेळ आली नाहीये. आलीच तर दिवाणी कोर्टात नका जाऊ, सैन्यातल्या पेन्शनच्या केसेस आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलकडे चालतात, आपल्याला मुंबईचं बेंच. मात्र एक लक्षात ठेवा, पेन्शनचा हक्क उशीर झाला म्हणून मरत नाही पण सुप्रीम कोर्टाने शिवदास (२००७) आणि तरसेम सिंग (२००८) ह्या दोन केसेसमध्ये सांगितलंय की उशिरा आलात तर थकबाकी साधारण केस दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच. म्हणून पत्रव्यवहार चालू आहे, बघू, करू म्हणत वर्षं घालवायची नाहीत. वकिलाचा खर्च जमणार नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. २०२५ च्या कारगिल विजय दिवसाला नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) वीर परिवार सहायता योजना पण काढलीय, खास सैनिकांच्या घरच्यांसाठी.

आणि तो दुसरी बायको नाही कशावरून म्हणणारा साहेब, त्याला पुढच्या वेळी म्हणा हेच लेखी द्या. देत नाहीत.

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. शाळेचं डोक्यातच नव्हतं आलं. मावशी म्हणते चौथीपर्यंत गेलेय, शाळा अजून आहे, मामा उद्या परवा जाऊन हेडमास्तरांना भेटणारेत. पत्रिका मात्र सापडत नाही, मामाच्या घरी माळ्यावर बघतो म्हणालेत.

अजून एक राहिलंच सांगायचं. काका फौजेतून आल्यावर एका सरकारी खात्यात चौकीदार म्हणून लागले होते, तिथून ६० ला रिटायर झाले. त्या खात्याची फॅमिली पेन्शन मावशीला सुरू झाली, तिथे नाव शालनच होतं त्यामुळे काही अडचण नाही आली. आता एकजण म्हणतोय की दोन फॅमिली पेन्शनी घेता येत नाहीत, मिलिटरीची मागितली तर ही पण बंद होईल, गप्प बसा. त्यामुळे मावशी घाबरलीय, म्हणते आहे तेवढं राहू दे, मला एकटीला किती लागतंय.

आणि दुसरं, हयातीचा दाखला द्यायचा झाला तर तिच्या बोटांचे ठसेच उमटत नाहीत, आयुष्य भांगलण खुरपणीत गेलं, मशीन लाल दिवा दाखवतं. पुढे दर वर्षी हेच का?

निवृत्त सुभेदार

गप्प बसू नका! हे जुनं सांगतायत लोक. पूर्वी तसं होतं खरं, दोनातली एकच निवडायला लागायची. संरक्षण मंत्रालयाचं १७ जानेवारी २०१३ चं पत्र आहे, त्यात स्पष्ट आहे की पेन्शनवर आलेला फौजी पुढे केंद्र किंवा राज्य सरकारात, महामंडळात, स्थानिक संस्थेत परत नोकरीला लागला आणि मरेपर्यंत मिलिटरी पेन्शन घेत होता तर त्याच्या बायकोला मिलिटरीची साधी फॅमिली पेन्शन आणि दुसऱ्या नोकरीची फॅमिली पेन्शन दोन्ही मिळतात. आर्थिक फायदा २४ सप्टेंबर २०१२ पासून. पत्राची प्रत सैनिक कल्याण ऑफिसात मिळेल, अर्जाला जोडा. ह्या एका अज्ञानापायी किती बायांनी मिलिटरीची फॅमिली पेन्शन मागितलीच नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी एसटी, वीज मंडळ, झेडपी, कुठे परत लागलेला माजी सैनिक २०१२ च्या आधी जरी वारला असला तरी त्याच्या बायकोचं तपासा.

आणि मावशींना आकडा सांगा. साधी फॅमिली पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांचा हिशेब, पण २०१६ पासून बेसिक ९००० च्या खाली जात नाही, वर महागाई भत्ता, जुलै २०२५ चा धरला तर ५८ टक्के. म्हणजे अगदी कमीत कमी धरलं तरी महिना चौदा हजारांच्या वर, आणि ओआरओपीमुळे (समान हुद्दा समान पेन्शन) हवालदाराचं त्याहून जास्तच बसतं. वाढीव ५० टक्के दर तुमच्या केसमध्ये नाही, तो काका ६७ च्या आत गेले असते तर. हे आहे तेवढं राहू दे म्हणून सोडायचे पैसे नाहीत. शिवाय ईसीएचएसचं (माजी सैनिकांची आरोग्य योजना) औषधपाणी ह्या फॅमिली पेन्शनवरच चालू राहतं, गुडघे डोळे पुढे आहेतच.

जन्मतारीख पण हलक्यात घेऊ नका. ८० पूर्ण झाली की बेसिकच्या २० टक्के जादा मिळतं, ८५ ला ३०, असं वाढत जातं. साल ५६ धरायचं की ५८ ह्यात दोन वर्षांच्या जादा पेन्शनीचा फरक पडतो, म्हणून शाळेच्या दाखल्याप्रमाणे आत्ताच काय ते एकदा करून घ्या.

ठशांचं: जीवन प्रमाण (ऑनलाईन हयातीचा दाखला) आता चेहरा दाखवूनपण होतं, मोबाईलवर. उजेडात बसवा, चष्मा काढायला सांगा.

सैनिकपत्नी कोल्हापूर

बरेच दिवस नुसती वाचते, आज राहवलं नाही.

माझे मिस्टर नायक होते, नोकरीत असतानाच युनिटमध्ये हार्ट अटॅकने गेले. मला साधी फॅमिली पेन्शन लागली, स्पेशल नाही. स्पेशल म्हणजे ६० टक्के, ती मृत्यूचा नोकरीशी संबंध असेल तर. लढाईत गेलेल्यांच्या घरच्यांना लिबरलाइज्ड, पगाराएवढी पूर्ण. माझ्या कागदावर एक ओळ होती, नोकरीशी संबंध नाही. भरतीच्या वेळी तपासून तंदुरुस्त म्हणून घेतलेला माणूस, थंडीत उंचावर ड्युटी करून आलेला, आणि संबंध नाही. त्या ओळीचा अर्थ सुद्धा मला कोणी समजावून सांगितला नव्हता, मुलगी तेव्हा बालवाडीत.

पहिलं अपील, मग दुसरं अपील, दोन्ही फेटाळली. मग ट्रायब्युनल. सगळे म्हणायचे अर्ज टाकलाय ना, वाट बघा, आणि वाट बघण्यातच वर्षं गेली, शेवटी निकाल माझ्या बाजूने लागला पण थकबाकी वर रानजाई ताईंनी लिहिलंय तशी तीनच वर्षांची. म्हणून सांगते, वाट बघा असं कोणी म्हणलं तर किती दिवस ते विचारा, तारीख लिहून घ्या. मी एक वही केली होती, कुठे गेले, कोण भेटलं, काय म्हणलं, जावक नंबर काय. ट्रायब्युनलमध्ये वकील ती वही बघून तारखा सांगायचे.

आणखी एक. बाई एकटी गेली की बसायला खुर्ची पण देत नाहीत, बरोबर पुरुष असला की त्याच्याशीच बोलतात, जिची पेन्शन तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. कृष्णाकाठचा दादा, तुम्ही बरोबर जा पण बोलू द्या मावशींना. त्यांना त्यांच्या मिस्टरांचा आर्मी नंबर पाठ करायला सांगा. मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. नंबर तोंडपाठ सांगितला की समोरचा क्लार्क पहिल्यांदा मान वर करून बघतो, हा माझा अनुभव.

एजंट लोकांपासून लांब राहा. आमच्याकडे थकबाकीतले टक्के मागणारा एक फिरायचा. फोनवर ओटीपी मागणारे तर आता रोजचेच झालेत.

नेटकरी सांगली

बरं झालं वाचलं, आधारचं मी म्हणलेलं मागे घेतो, स्पेलिंगची चूक आणि अख्खं नाव वेगळं ह्यात फरक आहे. कृष्णाकाठचा, एक भर घालतो, माहितीच्या अधिकारात रेकॉर्डकडे लग्नाच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत मागता येईल का? दहा रुपयाची पोस्टल ऑर्डर लागते फक्त, ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं.

ॲड. रानजाई

येईल, पण अर्ज मावशींच्या नावाने करा, भाच्याच्या नको, नाहीतर त्रयस्थाची वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील. पत्नी म्हणून अर्ज करतेय असं लिहा, ओळखपत्राची प्रत जोडा. त्याच अर्जात आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली तेही विचारा, त्या एका प्रश्नाने फाईल हलते बऱ्याचदा.

कृष्णाकाठचा

अपडेट: शाळेत रजिस्टर मिळालं! हिराबाई, वडलांचं नाव बरोबर, जन्म १९५६. म्हणजे फौजेतलंच साल खरं निघालं आणि आधारवालं चुकीचं. आता आधारवर जन्मतारीख बदलायची का? एकदाच बदलता येते म्हणलात म्हणून विचारतोय. प्रतिज्ञापत्राची तारीख ह्या आठवड्यात मिळेल असं वाटतंय, काकांच्या बॅचचे एक नाईक खटावला असतात, ते स्वतः म्हणाले मी सातारला येतो, सही करतो, वहिनींनी माझ्या पोराच्या बारशाला पुरणपोळ्या केल्या होत्या.

मावशीला नंबर पाठ आहे, विचारलं तर पटकन म्हणून दाखवला. सुट्टीवरून गेल्यावर पत्रावर तीच लिहायची.

ॲड. रानजाई

हो, जन्मतारीख बदला, शाळेच्या दाखल्याप्रमाणे. नाव शालनच ठेवा. आधी आधार, मग पॅन, आणि त्या दोन्हीच्या नव्या प्रती लावूनच फाईल सातारला द्या, नाहीतर साल जुळेना म्हणून परत येईल.

निवृत्त सुभेदार

आणि फाईल देताना अख्ख्या फाईलीची एक झेरॉक्स घरी, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात नंबर, रँक, नाव लिहा, पानं सुटी झाली तरी परत जागेवर लागतात.